पावणेदहा ते पावणेदोन : एका पहिलटकरणीचं बाळंतपण आणि नर्स मिडवाइफचं काम

पहाटे दोनच्या आत दाखल झालेली पहिलटकरीण. दुपारी चारच्या आत मुलगी झाली. मग अंगावरून बेताबाहेर गेलं, ते अर्ध्या तासात आटोक्यात आलं आणि तिसऱ्या दिवशी मायलेकी ‘खिलखिलाट’च्या, म्हणजे बाळंतिणींना घरी सोडणाऱ्या सरकारी, गाडीने घरी गेल्या. वडोदऱ्यातल्या एका मोठ्या सरकारी प्रसूतिगृहाच्या रजिस्टरात या प्रकरणाची नोंद एवढीच आहे. तरीही मी ते दर तुकडीला शिकवते. नर्स मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण घेतलेली नर्स, काय शिकून येते, तिला काय करू दिलं जातं, कुठे तिनं थांबायचं आणि कुठे क्षणाचाही विचार न करता डॉक्टरांना हाक मारायची, हे सगळं या चौदा तासांत येऊन जातं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, रुग्णालयाचंही नाव देत नाही. निर्णयांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

मिडवाइफ

ती वडोदऱ्याच्याच वाडी भागात वाढलेली. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि लेबर रूममध्ये समोरची बाई बोलेल ती भाषा. बारावीनंतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, केलं. जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं; दोन्हींपैकी कुठलंही करून बाहेर पडणारीची नोंदणी नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही होते. म्हणजे कागदोपत्री आपल्याकडची प्रत्येक स्टाफ नर्स मिडवाइफच असते. प्रत्यक्षात ती आज लेबर रूममध्ये, चार महिन्यांनी सर्जिकलला, मग आयसीयूत. बाळंतपणात हात बसतो न बसतो तोच बदली.

हिचं नशीब जरा वेगळं होतं. तिला जिल्ह्यातल्या एका सामूहिक आरोग्य केंद्रात पोस्टिंग मिळालं आणि तिथे तिच्या वाट्याला बाळंतपणंच आली. रात्री डॉक्टर फोनवर, लेबर रूममध्ये ही आणि एक आयाबेन. बाळंतपणं पुष्कळ केली, पण सीनियर जसं करत तसंच केली. बाई आली की टेबलावर उताणी झोपवायची. पहिलटकरीण असली की वाट मोकळी करायला कट द्यायचाच. गर्भपिशवीचं तोंड पुरतं उघडायच्या आधीपासून ‘जोर लाव, जोर लाव’. डोकं अडलंय असं वाटलं की कुणीतरी स्टुलावर चढून पोट दाबायचं. हे चूक आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि बाळं रडत होती म्हणजे सगळं ठीकच चाललंय असा सगळ्यांचा समज होता.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मिडवाइफरी सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातून ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ ही नवी तयारीची वाट उघडली. जीएनएम किंवा बीएस्सी झालेली, नोंदणी असलेली, बाळंतपणं करण्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव असलेली नर्स आणि १८ महिन्यांचं प्रशिक्षण. ते संपवून आलेल्या मिडवाइफने गर्दीच्या सरकारी रुग्णालयांत, प्रसूतितज्ज्ञांच्या युनिटला लागूनच, मिडवाइफच चालवेल असा विभाग सांभाळायचा. गुंतागुंत नसलेली बाळंतपणं तिच्याकडे, बाकीची डॉक्टरांकडे, अशी कल्पना आहे.

तिने अर्ज भरला तेव्हा घरी सासूबाईंनी विचारलं, “सरकारी नोकरी आहे, पगार आहे, आता परत कॉलेजात बसून काय व्हायचंय?” प्रश्न रास्त होता. दोन लहान मुलं, नवरा शिफ्टमध्ये कामाला, आणि अठरा महिने अभ्यास, ड्यूटी, परीक्षा. प्रशिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हेच सांगते की आधी घरी बसून नीट बोला. पोरांना कोण बघणार हे ठरल्याशिवाय अर्ज टाकू नका. पाठ्यपुस्तकं जड नसतात. दीड वर्षं घर दुसऱ्याच्या हाती सोपवणं जड असतं. हिच्या बाबतीत धाकट्या जावेने मुलांची शाळा अंगावर घेतली, म्हणून जमलं.

प्रशिक्षणात तिला सगळ्यात अवघड गेलं ते हात आवरणं. सुरुवातीला तिला बाळंतपण करायला दिलंच नाही, बसून बघायला सांगितलं. एक व्यायाम मला फार मोलाचा वाटतो. बाईच्या पोटाच्या वरच्या भागावर, गर्भाशयाच्या माथ्यावर, पंजा हलका ठेवायचा. दाबायचं नाही, चोळायचं नाही. दुसऱ्या हातात घड्याळ. पूर्ण दहा मिनिटं. हाताखाली गर्भाशय घट्ट व्हायला लागलं की सेकंद मोजायला सुरुवात, सैल झालं की थांबायचं. दहा मिनिटांत कळा किती आणि प्रत्येक किती सेकंदांची, हे बाईच्या ओरडण्यावरून ठरवायचं नाही, हातावरून ठरवायचं. कुणी गप्प राहून जबर कळा सोसते, कुणी हलक्या कळेलाही किंचाळते. अनुभवी नर्सला दहा मिनिटं निवांत हात ठेवून बसणं म्हणजे कामचुकारपणा वाटतो. दोन-तीन आठवड्यांत तिला कळायला लागलं की त्या दहा मिनिटांत जे समजतं ते वारंवार आतून तपासून समजत नाही.

बाकी शिकवणीत मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, बाळाचा खांदा अडकल्यावर काय करायचं, जन्मल्या जन्मल्या न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास कसा द्यायचा, झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे कसं पाठवायचं, असे सराव पुन्हा पुन्हा झाले. ते सगळं इथे मांडत बसत नाही. रक्तस्रावाचा सराव मात्र पुढे कामाला आला.

रात्र

पहिलटकरीण २४ वर्षांची, नवरा मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कामाला, सासर दांडिया बाजारात, मराठी कुटुंब. ३९ आठवडे पूर्ण. हिमोग्लोबिन १०.६, म्हणजे थोडं कमी. रक्तदाब ११६/७४. साखर, थायरॉइड, सोनोग्राफी ठीक. रात्री १:४० ला सासूबाईंबरोबर रिक्षातून आली. बाळाचं डोकं खाली, पाचापैकी चार भाग अजून पोटावरून हाताला लागत होते. ठोके १३८. दहा मिनिटांत दोन कळा, साधारण २५ सेकंदांच्या. पिशवीचं तोंड ३ सेंटिमीटर, पाणी गेलेलं नाही.

आमची मिडवाइफ प्रशिक्षण संपवून त्या प्रसूतिगृहात नुकतीच रुजू झाली होती. मिडवाइफचा वेगळा विभाग तिथे अजून सुरू झाला नव्हता. मोठ्या लेबर रूमच्या कडेचे दोन बेड तिला दिले होते. रात्रपाळीच्या सिस्टरने दाखल करून घेतलं, पहाटे ५:४५ ला रेसिडेंट डॉक्टरांनी तपासलं. ४ सेंटिमीटर. त्यांनी पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण वेळेनुसार किती सरकलं ते नोंदवायचा तक्ता, उघडला आणि पहिली खूण ४ वर केली.

सकाळी आठला मिडवाइफने हँडओव्हर घेतला. बाई टेबलावर उताणी, थकलेली, रात्रीपासून पाण्याचा घोट नाही. “सिझरला न्यावं लागलं तर?” म्हणून तिला उपाशी ठेवलं होतं. मिडवाइफने आधी तिला उठवून बसवलं, लघवीला नेलं, मग सासूबाईंना म्हणाली, “काकू, घरून काही आणलंय का प्यायला?” थर्मासमध्ये गूळ-सुंठीची राब होती. ती अर्धी वाटी, मग नारळपाणी. मग व्हरांड्यात हळूहळू फेऱ्या, कळ आली की भिंतीला हात टेकून पुढे झुकायचं आणि सासूबाईंनी कमरेवर तळहाताने दाबून धरायचं.

सासूबाई वैतागल्या. “अहो सिस्टर, रात्रीपासून पोर कळा देतेय आणि तुम्ही नुसतं चालायला लावताय! डॉक्टर काही करतील की नाही?” हा प्रश्न लेबर रूममध्ये रोज येतो आणि त्यावर चिडणं सोपं असतं. मिडवाइफने त्यांना डॉपलरवर ठोके ऐकवले, कागदावरचे आकडे दाखवले, आणि पुढे कधी तपासणार ती वेळ सांगितली. मला यातली वेळ सांगण्याची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘बघू’ म्हटलं की नातेवाईक घाबरतात. ‘पावणेदहाला तपासू, तोवर दर अर्ध्या तासाने ठोके ऐकू’ म्हटलं की तेच नातेवाईक मदतीला उभे राहतात. काकूंनी त्यानंतर कमरेवरचा हात काढला नाही.

पावणेदहाचा वाद

९:४५ ला तपासणी झाली. ५ सेंटिमीटर. चार तासांत एक सेंटिमीटर.

रेसिडेंटच्या हातात पार्टोग्राफ होता. त्या कागदावर ४ सेंटिमीटरपासून एक तिरकी रेघ निघते, तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाने. ती सावधानतेची रेघ, अलर्ट लाइन. तिच्या चार तास उजवीकडे दुसरी, कृतीची रेघ, म्हणजे ॲक्शन लाइन. हिशेबाने पावणेदहाला ८ सेंटिमीटर हवे होते. ५ वरची खूण अलर्ट लाइन ओलांडून तीन तास पुढे गेलेली, ॲक्शन लाइनला तासभर उरलेला. रेसिडेंट म्हणाले, “कळा वाढवायला ऑक्सिटोसिनची ड्रिप लावा. बाराला बघू, नाही सरकलं तर सिझर.” त्यांच्या बाजूने बघितलं तर हे बेजबाबदार नव्हतं. एका माणसाच्या अंगावर इतक्या बायका असतात की कागदाने धोक्याची रेघ दाखवली की ती पाळणं हीच सुरक्षितता वाटते.

मिडवाइफच्या हातात दुसरा कागद होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणातल्या देखभालीच्या शिफारशी नव्याने मांडल्या. त्यात प्रसूतीचा वेगाचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरला आहे, आणि तासाला एक सेंटिमीटर हा वेग सगळ्या बायकांना लावणं चुकीचं आहे असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यावरून २०२० मध्ये ‘लेबर केअर गाइड’ हा नवा तक्ता आला. त्यात प्रत्येक सेंटिमीटरची मुदत वेगळी आहे: ५ वर सहा तास, ६ वर पाच, ७ वर तीन, ८ वर अडीच, ९ वर दोन. मुदत उलटली की सावध व्हायचं. त्या तक्त्यावर या बाईच्या घड्याळाची सुरुवातच पावणेदहाला होत होती.

एकाच बाईबद्दल एक कागद म्हणतो उशीर झाला, दुसरा म्हणतो आत्ता सुरुवात. विद्यार्थिनी इथे हमखास विचारतात, मग खरा कागद कुठला? जुन्या रेघांचा उगम माहीत असला तर उत्तर सोपं जातं. तासाला एक सेंटिमीटरचा अंदाज १९५०च्या दशकातल्या फ्रीडमन यांच्या आलेखांवरून आला. अलर्ट आणि ॲक्शन या दोन रेघा फिलपॉट आणि कॅसल यांनी १९७२ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात मांडल्या. लांबच्या दवाखान्यातल्या मिडवाइफने बाईला मोठ्या रुग्णालयात कधी हलवायचं, हे ठरवायला त्या रेघा होत्या. मधले चार तास हे त्या प्रवासासाठी आणि पुढच्या तयारीसाठी हाताशी ठेवलेले. पादरा, सावली, डभोई किंवा छोटा उदेपूरकडच्या केंद्रात रात्री एकटी असलेली नर्स अशी सावधगिरी बाळगत असेल तर मी तिला नावं ठेवणार नाही. तिला १०८ बोलवायची असते, रस्ता असतो. ऑपरेशन थिएटर त्याच इमारतीत असताना तीच रेघ बघून ड्रिप लावायची घाई करायला कारण नाही.

पण ‘नवा कागद असं म्हणतो’ एवढं सांगून लेबर रूममधला वाद जिंकता येत नाही, आणि जिंकायचा विचारही मिडवाइफने करू नये. तिने काय केलं ते नेमकं सांगते. राउंडवर आलेल्या वरिष्ठ डॉक्टर मॅडमसमोर तिने मत मांडलं नाही, निरीक्षणं मांडली. ठोके १४२, कळेनंतर घसरत नाहीत. डोकं पाचापैकी तीन भागांवर आलंय, म्हणजे खाली सरकतंय. कळा दहा मिनिटांत तीन, ३५ सेकंदांच्या, पहाटेपेक्षा वाढलेल्या. ताप नाही, नाडी ८८. लघवी झाली आहे, राब पोटात आहे. मग मागणी: “मॅडम, चार तास ड्रिपशिवाय द्या. ठोके दर अर्ध्या तासाने मी स्वतः ऐकेन. ठोके ११०च्या खाली किंवा १६०च्या वर गेले, पाणी हिरवट आलं, ताप आला किंवा पावणेदोनला फरक पडला नाही, तर तेव्हाच्या तेव्हा तुम्हाला कळवेन.”

मॅडम मान्य झाल्या. रेसिडेंटने एक अट घातली: हाताला कॅन्युला, म्हणजे शिरेतून औषध द्यायची सोय, आत्ताच घालून ठेवायची आणि रक्ताचा नमुना ब्लड बँकेत पाठवायचा, कारण हिमोग्लोबिन कमी आहे. कॅन्युला लावली की बाई रुग्ण बनते, हिंडायची-फिरायची कचरते, असं प्रशिक्षणात तिला शिकवलेलं. तिने क्षणभर विचार केला आणि हो म्हटलं. कॅन्युला टोपण लावून, चिकटपट्टीने नीट बसवून ठेवली. नळी जोडली नाही.

ऑक्सिटोसिनच्या ड्रिपबद्दल इतकी ओढाताण का, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. ते औषध वाईट नाही, गरज असते तिथे ते सिझर टाळतं. पण त्याने कळा एकावर एक येऊ लागल्या तर मधल्या वेळात बाळाला रक्तपुरवठा सावरायला फुरसत मिळत नाही आणि ठोके पडतात. म्हणून ड्रिप लावली की बाईपाशी सतत कुणीतरी हवं. गर्दीच्या लेबर रूममध्ये थेंब डोळ्यांनी मोजून चालणाऱ्या ड्रिपपाशी सतत कोण बसणार? कारण नसताना लावलेली ड्रिप पुढच्या अडचणींची सुरुवात ठरू शकते, आणि शेवटी सिझर झाल्यावर ‘बरं झालं वेळेत केलं’ असं सगळे म्हणतात.

दुपार

पुढचे तीन तास सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही, आणि तेच हवं होतं. बाई कधी चालली, कधी डाव्या कुशीवर पडली, कधी मोठ्या रबरी चेंडूवर बसून डुलली. १२:५० ला आपोआप पाणी गेलं, स्वच्छ. १:४५ ला तपासणी: ८ सेंटिमीटर. रेसिडेंटने तक्ता बघितला, मान हलवली आणि पुढच्या बेडकडे गेले.

३:१० ला पूर्ण उघडलं. इथेही मिडवाइफने ‘जोर लाव’ म्हटलं नाही. “अगं, तुला आपोआप जोर येईल तेव्हाच लाव. मधे श्वास सोड, मोठा.” टेबलावर पाय टांगून उताणं ठेवलं नाही, बाईला कुशीवर बरं वाटत होतं, तर कुशीवर. वरचा पाय काकूंनी धरला. डोकं दिसायला लागल्यावर मिडवाइफने गरम पाण्यात पिळलेला कपडा खालच्या कातडीवर धरला, डोकं सावकाश येऊ दिलं. कट दिला नाही. ३:५२ ला मुलगी, २.९ किलो, आल्या आल्या रडली. आईच्या छातीवर कोरड्या कपड्यात. मिनिटाच्या आत आईच्या मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन. नाळ धडधडायची थांबली तेव्हा कापली. ४:०१ ला वार पूर्ण आली. अगदी छोटी एक चीर, टाक्याची गरज नाही.

काकू रडत होत्या, रेसिडेंट शेजारच्या बेडवर होते, सगळ्यांना वाटलं झालं.

रक्त

वार पडल्यानंतरचा तास हा लेबर रूममधला सगळ्यात फसवा तास असतो. सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. मिडवाइफचा एक हात मात्र बाईच्या बेंबीपाशी होता. गर्भाशय आकसून नारळासारखं कडक हाताला लागायला हवं. ४:१० ला ते पिठाच्या गोळ्यासारखं मऊ लागलं. बाईखाली रक्त मोजायची प्लॅस्टिकची पिशवी लावलेली होती, तिच्यातली पातळी बघता बघता ५०० मिलिलिटरच्या रेघेशी आली.

तिने तिथूनच मोठ्याने हाक मारली, “डॉक्टर, पीपीएच!”, म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव. इथे मत मांडायला, थांबायला, निरीक्षणं वाचून दाखवायला वेळ नव्हता. हाक मारतानाच गर्भाशय चोळायला सुरुवात झाली होती. सोबतच्या सिस्टरने लिटरभर रिंगर लॅक्टेट सलाइनमध्ये २० युनिट ऑक्सिटोसिन घालून सकाळच्या कॅन्युलाला जोडलं. रेसिडेंट आले, दुसऱ्या हाताला दुसरी लाइन टाकली. रक्त थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, दहा मिनिटांत. कॅथेटरने मूत्राशय रिकामं केलं. वार पुन्हा उलटून तपासली, तुकडा राहिलेला नाही. आतून चीर नाही. कोण काय करतंय ते आयाबेन घड्याळ बघून लिहीत होत्या. हा सरावाचाच भाग होता. ४:३५ ला गर्भाशय कडक, रक्त थांबलं. एकूण साधारण ६५० मिलिलिटर. रक्तदाब १००/६४, नाडी १०८, मग हळूहळू खाली. रक्त चढवावं लागलं नाही.

कॅन्युला आधीच होती म्हणून औषध दोन मिनिटांत शिरेत गेलं. रक्तस्रावात शिरा दबतात, सुई लागत नाही. रेसिडेंटची अट बरोबर होती, आणि मिडवाइफने नंतर ते सगळ्यांसमोर सांगितलं.

बैठक

दोन दिवसांनी मॅडमनी बैठक घेतली. रेसिडेंटने सरळ प्रश्न टाकला: “इतका वेळ थांबलो, गर्भाशय थकलं, म्हणून रक्तस्राव झाला, असं नाही का?”

हा प्रश्न मी वर्गात मुद्दाम तसाच ठेवते, कारण विद्यार्थिनींना मिडवाइफची बाजू घ्यायची घाई असते. लांबलेलं बाळंतपण हे गर्भाशय सैल पडण्याचं एक ओळखीचं कारण आहे, हे खरं. बराच वेळ चाललेली ऑक्सिटोसिनची ड्रिप हेसुद्धा तसंच ओळखीचं कारण आहे, हेही खरं. आणि कसलंच कारण नसलेल्या बाईलाही रक्तस्राव होतो, म्हणून तर प्रत्येकीला वार पडायच्या आधी इंजेक्शन देतात. एका बाळंतपणावरून ठरवता येत नाही. ड्रिप लावली असती तर काय झालं असतं, हे कुणालाच माहीत नाही. जे माहीत आहे ते एवढं: थांबण्याच्या काळात बाळ आणि आई दोघंही ठीक असल्याची नोंद दर अर्ध्या तासाने आहे, आणि रक्तस्राव लक्षात यायला आणि उपचार सुरू व्हायला वेळ गेला नाही.

मॅडमनी वाद तिथेच थांबवला आणि कामाचं बोलणं सुरू केलं. मला या प्रकरणातली सगळ्यात मोठी कमाई इथे दिसते. मिडवाइफला त्या दिवशी चार तास मिळाले ते राउंडवर नेमक्या ऐकून घेणाऱ्या मॅडम होत्या म्हणून. दुसऱ्या युनिटचा दिवस असता तर पावणेदहाला ड्रिप लागली असती. चांगल्या माणसाच्या भरवशावर चालणारी पद्धत म्हणजे पद्धतच नव्हे. म्हणून एक पान लिहिलं गेलं आणि सगळ्या युनिटप्रमुखांच्या सह्या झाल्या. मिडवाइफच्या दोन बेडवर कुणाला घ्यायचं: ३७ आठवडे पूर्ण, एकच बाळ, डोकं खाली, आधीचं सिझर नाही, रक्तदाब आणि साखर ठीक, हिमोग्लोबिन १०च्या वर. तिथे लेबर केअर गाइडच भरायचा, जुना पार्टोग्राफ सोबत ठेवायचा नाही. डॉक्टरला कधी बोलवायचं त्याची यादी, भिंतीवर. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर टोपणाची कॅन्युला आणि रक्तनमुना आधीच. ही शेवटची ओळ रेसिडेंटच्या आग्रहाने आली. सोबतीला घरची एक बाई, हेही लिहिलं, कारण त्यावर रोज दारात भांडण व्हायचं.

माझ्या विद्यार्थिनींना यात स्वातंत्र्य कमी आणि अटी जास्त दिसतात. मला उलट वाटतं. कुठे थांबायचं हे लिहिलेलं असलं की त्या रेघेच्या अलीकडे मिडवाइफला कुणाची परवानगी मागत बसावं लागत नाही.

बदलीची ऑर्डर

महिनाभरात रोटेशनची यादी लागली आणि आमच्या मिडवाइफचं नाव सर्जिकल वॉर्डात होतं.

अठरा महिने सरकारने शिकवलेली नर्स, आणि ती टाके-ड्रेसिंगच्या वॉर्डात. मला याचा अजूनही राग येतो. पण मेट्रनची अडचण ऐकली तर तीही खोटी नाही. मंजूर पद ‘स्टाफ नर्स’चं आहे, स्टाफ नर्सचं रोटेशन होतंच, एकीला कायम लेबर रूम दिली तर बाकीच्या म्हणणार हिलाच सूट का. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिलच्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा आला, नावातच मिडवाइफरी आली. पण सरकारी रुग्णालयातलं पद, पगाराची श्रेणी आणि बदलीचा नियम राज्याच्या हाती असतो, आणि तिथे मिडवाइफचं वेगळं पद नसेल तर प्रशिक्षण घेऊनही ती स्टाफ नर्सच राहते. हा पेशा निवडणाऱ्या मुलीने हे आधीच माहीत करून घ्यावं: तुमच्या राज्यात, तुमच्या रुग्णालयात हा कोर्स केल्यावर पोस्टिंग कुठे मिळतं, आधीच्या तुकडीतल्या बायका आज कुठे काम करतात, हे फोन करून विचारा. पुष्कळजणी परदेशाचंही विचारतात. ब्रिटनमध्ये मिडवाइफची नोंदणी नर्सपेक्षा वेगळी असते, शिक्षणही वेगळं. इथली नर्स तिथे नर्स म्हणून रुजू झाली म्हणजे मिडवाइफ म्हणून काम करता येतं असं नाही. त्या भरवशावर हा कोर्स निवडू नये.

ऑर्डर थांबवायला मॅडमनी पत्र दिलं. सोबत ते सह्या केलेलं पान आणि मिडवाइफच्या बेडवरच्या बाळंतपणांच्या नोंदी जोडल्या. रेसिडेंटनेही त्यावर सही केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मेट्रननी मार्ग काढला तो असा: रोटेशन रद्द नाही, सहा महिन्यांसाठी पुढे ढकललं, आणि त्या सहा महिन्यांत मिडवाइफने लेबर रूमच्या इतर सिस्टरांना लेबर केअर गाइड भरायला आणि रक्तस्रावाचा सराव करायला शिकवायचं. ते सुरू झालंय. रात्रपाळीच्या सिस्टर आता दाखल करतानाच बाईला प्यायला देतात, आणि ४ सेंटिमीटरवर घड्याळ लावत नाहीत.

मेट्रननी पुढच्या तुकडीसाठी आणखी दोघींची नावं पाठवली आहेत. एकीच्या घरी अजून बोलणं चालू आहे. दुसरी छोटा उदेपूरकडून बदलून आलेली आहे, तिची तयारी पक्की आहे. तिने दोन वर्षं बाळंतपणं केल्याचा जुन्या केंद्राचा दाखला तेवढा यायचा आहे.